एलिव्हेटेड प्लस मेझ

एलिव्हेटेड प्लस मेझ ही उंदरांमधील चिंतासदृश वर्तन मोजण्याची व औषधांचा चिंताशामक परिणाम तपासण्याची प्रयोगशालेय चाचणी आहे.

रचना
अधिक (+) चिन्हाच्या आकाराचा हा चार भुजांचा मंच जमिनीपासून सुमारे ५० सेंमी उंच असतो. समोरासमोरच्या दोन भुजांना भिंती असतात. उरलेल्या दोन उघड्या असतात. रॅट जातीच्या उंदरांसाठी प्रत्येक भुजा साधारणतः ५० सेंमी लांब व १० सेंमी रुंद असते.

तत्त्व व कार्यपद्धती
नवी जागा धुंडाळण्याची ओढ आणि उघड्या, उंच जागेचे भय यांतील द्वंद्वावर ही चाचणी आधारलेली आहे. औषध दिलेल्या उंदराला मंचाच्या मध्यभागी ठेवून सामान्यतः ५ मिनिटे त्याच्या हालचाली नोंदवतात. दुसऱ्या गटाला औषधविरहित द्रावण देऊन तुलना केली जाते. उघड्या भुजांतील प्रवेशांचे व वेळेचे प्रमाण वाढल्यास औषध चिंताशामक मानतात. मात्र औषधामुळे गुंगी आली किंवा एकूणच धावपळ वाढली, तर निष्कर्ष फसवा ठरतो. म्हणून बंद भुजांतील प्रवेशही मोजले जातात.

इतिहास
उंदीर उघड्या मार्गांपेक्षा बंदिस्त मार्ग पसंत करतात, हे माँटगोमेरी यांनी १९५५ मध्ये दाखवले होते. १९८४ मध्ये हँडली व मिथानी यांनी या प्रकारच्या मंचावर औषधांचे परिणाम तपासले. १९८५ मध्ये पेलो, फाईल व सहकाऱ्यांनी रॅटसाठी, तर १९८७ मध्ये लिस्टर यांनी माऊस जातीच्या लहान उंदरांसाठी चाचणीची ग्राह्यता तपासली.

मर्यादा
डायझेपामसारख्या बेंझोडायझेपिन गटातील औषधांचा परिणाम या चाचणीत स्पष्ट दिसतो. परंतु मानवी चिंताविकारांत उपयोगी पडणाऱ्या बस्पिरोनचे निष्कर्ष विसंगत आढळतात. त्यामुळे केवळ याच चाचणीवर विसंबल्यास, निराळ्या मार्गाने कार्य करणारे उपयुक्त औषध निरुपयोगी ठरवले जाण्याचा धोका असतो. प्रकाश, हाताळणी व प्राण्यांचे वाण यांनुसारही निष्कर्ष बदलतात. शिवाय मंचाचा एकदा अनुभव घेतलेल्या उंदरावर दुसऱ्या वेळी बेंझोडायझेपिनचा चिंताशामक परिणाम बहुधा दिसत नाही. म्हणून सहसा प्रत्येक मात्रेसाठी नवे प्राणी वापरावे लागतात.

प्राणिकल्याण
भारतात प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये होते. अशा प्रयोगांपूर्वी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी घ्यावी लागते.