घर आणि कचेरी

लिहिण्यावाचण्याचें काम करणाऱ्या मनुष्यानें रोज ठराविक वेळीं घर सोडावें व एका ठराविक इमारतींत जाऊन बसावें, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे कीं, ती अनादि काळापासून चालत आली असावी असेंच कोणासही वाटेल. वस्तुस्थिति तशी नाहीं. महाराष्ट्रांतला गांवचा कुळकर्णी महसुलाचे कागद आपल्या घरींच बाळगीत असे. हिशेब घरीं लिहावयाचा, आणि वसुलाची किंवा तंट्याची वेळ आली म्हणजे दप्तराचा रुमाल काखोटीस मारून चावडीवर जावयाचें, असा त्याचा क्रम होता. या व्यवस्थेंत सोय होती, तसा धोकाही होता. दप्तर ज्याच्या घरांत, गांव त्याच्या मुठींत. मुंबई राज्यांत १९५० च्या कायद्यानें हीं वतनें रद्द झालीं. अर्धें काम घरीं व अर्धें कचेरींत, ही ज्या पद्धतीची आज नवा शोध म्हणून वाखाणणी होते, तिचें हें एक जुनें व ओळखीचें रूप होय.

मोठी कचेरी जन्मास आली ती कागदामुळें. लंडनच्या लेडनहॉल रस्त्यावरील ईस्ट इंडिया कंपनीच्या वाड्यांत हिंदुस्थानांतून जहाजांनीं आलेले खलिते व हिशेबाच्या वह्या सांठत असत. त्यांची नक्कल हातानेंच करावी लागे; म्हणून कागद जेथें, तेथें कारकून. निबंधकार चार्ल्स लॅम यानें १७९२ पासून १८२५ पर्यंत तेहतीस वर्षें तेथेंच लेखणी झिजविली. पुढें मात्र इमारतीचा हेतु हळूहळू पालटला. अमेरिकेंतील बफेलो शहरीं साबण विकणाऱ्या लार्किन कंपनीसाठीं फ्रँक लॉइड राइट या वास्तुशिल्पज्ञानें बांधलेली कचेरी १९०६ सालीं पुरी झाली. मध्यें वरून उजेड येणारा उंच चौक, भोंवतीं सज्जे, आणि चौकांत ओळीनें मांडलेलीं मेजें. कांहीं मेजांना खुर्च्या बिजागरीनें कायमच्या जोडलेल्या होत्या! त्या हलवितां येत नसत. व्यवस्था सुंदर, हवेशीर व नीटनेटकी. परंतु तींत बसलेला प्रत्येक मनुष्य वरून दिसत असे. कागद जपण्यासाठीं निघालेली कचेरी आतां माणसें न्याहाळण्याची जागा होऊं लागली.

या नजरेवांचून काम होऊं शकतें काय, हा प्रश्न प्रत्यक्ष कृतीनें विचारला तो एका स्त्रीनें. स्टेफनी शर्ली ही १९३३ सालीं जर्मनींत जन्मलेली ज्यू मुलगी १९३९ मध्यें, वयाच्या पांचव्या वर्षीं, निर्वासित मुलांच्या गाडीनें इंग्लंडांत आली. टपालखात्याच्या संशोधनशाळेंत तिनें संगणकाचें काम शिकून घेतलें. परंतु नोकरींत स्त्रीला वर चढावयाचें तर डोक्यास छप्पर लागावयाचेंच, हें तिच्या लवकरच ध्यानांत आलें. १९६२ सालीं सहा पौंडांच्या भांडवलावर, राहत्या घरांतूनच, तिनें संगणकाच्या आज्ञावली लिहून देणारी कंपनी काढली. लग्न झालें, मूल झालें म्हणून ज्या शिकलेल्या स्त्रियांना नोकरी सोडावी लागली होती, त्यांनाच तिनें काम दिलें. त्या काळीं आज्ञावली पेन्सिलीनें कागदावर लिहीत. संगणक जवळ नको होता; स्वयंपाकघरांतलें टेबल व घरांत दूरध्वनि असला म्हणजे पुरें. पहिल्या तीनशे माणसांत पुरुष अवघे तीन होते. पुढें १९७५ च्या स्त्रीपुरुष-समतेच्या कायद्यामुळें केवळ स्त्रियांनाच काम देण्याचें तिचें धोरण बेकायदा ठरलें, हा दैवाचा विनोदच म्हटला पाहिजे.

काम उत्तम होतें. कॉंकॉर्ड विमानांतील नोंदपेटीची आज्ञावली याच स्त्रियांनीं घरीं बसून लिहिली. तरीही गिऱ्हाइकांपासून घर लपवावें लागे. पत्रांखालीं ‘स्टीव्ह’ अशी पुरुषी सही केल्याखेरीज उत्तरें येत नसत. दूरध्वनीवर बोलतांना मुलाचें रडणें ऐकूं जाऊं नये म्हणून शर्लीबाई टंकलेखनाच्या खडखडाटाची ध्वनिफीत लावून ठेवीत! तासांचा हिशेब कोणी विचारूं नये म्हणून कामाची एकरकमी किंमत आधींच ठरविली जाई. यांतील तिसरी युक्ति सर्वांत महत्त्वाची. मनुष्य किती वेळ बसला यापेक्षां त्यानें काय पुरें केलें हें मोजूं लागलें म्हणजे खुर्ची कोठें आहे हा प्रश्नच उरत नाहीं. हें अनेक कंपन्यांना पुढें साठ वर्षांनींही नीट उमगलें नव्हतें.

दुसरा विचार निघाला तो रहदारींतून. लॉस एंजेलिस येथें १९७३ सालीं जॅक नाइल्स या संशोधकानें एका विमा कंपनींत असा प्रयोग केला कीं, कारकुनांनीं शहराच्या मध्यभागीं न जातां आपापल्या घराजवळच्या लहान केंद्रांत जावें आणि दिवसभराचें काम तारेवरून मुख्य संगणकाकडे पोंचावें. म्हणजे पूर्ण घर नव्हे व पूर्ण कचेरीही नव्हे. काम वाढलें, नोकरी सोडून जाणाऱ्यांची संख्या घटली. तरी कंपनीनें प्रयोग गुंडाळला. विखुरलेल्या केंद्रांतील नोकरांना कामगारसंघ सहज फितवील, ही तिला भीति. गंमत अशी कीं, त्याच सुमारास कामगार-पुढाऱ्यांस नेमकी उलट भीति वाटत होती : विखुरलेले नोकर संघटित करावयाचे तरी कसे? एका चांगल्या योजनेस दोन्ही पक्षांनीं मिळून नाकारलें.

कचेरीच्या अंगानें याच प्रश्नाला हात घातला तो १९९३-९४ मध्यें शायट-डे या अमेरिकन जाहिरात-कंपनीनें. माणसें बाहेर फिरतींवर असतात, मग प्रत्येकास स्वतंत्र मेज कशाला, असा विचार करून तिच्या प्रमुखानें मेजेंच काढून टाकलीं. सकाळीं आल्यावर एका खिडकीशीं रांग लावून संगणक व दूरध्वनि मागून घ्यावयाचा, मिळेल तेथें बसावयाचें, आणि सायंकाळीं सर्व परत करावयाचें. यंत्रें पुरत नसत. जवळ राहणारे लोक पहांटें येऊन तीं अडवूं लागले. कागद ठेवण्यास जागा नाहीं म्हणून कोणी मोटारीच्या मागच्या पेटींत दप्तर थाटलें, तर एकीनें खेळण्यांतली लाल गाडी आणून त्यांतून कागद ओढीत नेण्यास आरंभ केला. पुष्कळ जण घरींच राहूं लागले. पण मोकळीक आवडली म्हणून नव्हे, कचेरींत ठाव उरला नाहीं म्हणून. १९९८ सालीं नव्या इमारतींत प्रत्येकाचें मेज परत आलें. काटकसर म्हणून जागा काढून घेणें आणि स्वातंत्र्य म्हणून घरीं काम देणें या दोन गोष्टी वरवर सारख्याच दिसतात. त्यांतला फरक त्या चार वर्षांनीं दाखविला.

आणि घरांत तरी जागा असते काय? शांघायमधील एका प्रवास-कंपनीनें २०१० च्या अखेरीस घरून काम करण्याचा प्रयोग आरंभिला, तेव्हां ५०३ जणांनीं नांवें दिलीं. त्यांपैकीं पात्र ठरले २४९. नोकरीचा कांहीं काळ, जलद इंटरनेट, आणि स्वतंत्र खोली या अटी होत्या. काम १३ टक्क्यांनीं वाढलें. परंतु नऊ महिन्यांनंतर घरीं बसलेल्यांपैकीं सुमारें निम्म्यांनीं एकलेपणास कंटाळून कचेरीची वाट धरली. २०२० च्या मार्चांत महामारीमुळें हिंदुस्थानांत टाळेबंदी झाली, तेव्हां मात्र कोणी खोली विचारली नाहीं. मुंबईच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत मुलांची शाळा, आजीची पूजा व सुनेची नोकरी एकाच भिंतीस टेकून चालूं लागली. नियमांनाही वांकावें लागलें. पुण्याच्या हिंजवडीसारख्या ठिकाणच्या विशेष आर्थिक क्षेत्रांत करमाफीनें आणलेलीं यंत्रें कुंपणाबाहेर नेण्यास परवानगी लागे. २०२२ च्या जुलैमध्यें नवा नियम करून निम्म्या नोकरांपर्यंत घरून काम करण्यास मुभा दिली गेली, आणि डिसेंबरांत ती आणखी सैल झाली.

शांघायच्या त्याच कंपनीनें २०२१ सालीं दुसरा प्रयोग केला. १,६१२ नोकरांपैकीं ज्यांची जन्मतारीख विषम त्यांनीं बुधवारीं व शुक्रवारीं घरून काम करावें, बाकीच्यांनीं पांचही दिवस यावें. कामाच्या दर्जांत वा बढत्यांत फरक पडला नाहीं. राजीनामे मात्र सुमारें एक-तृतीयांशानें घटले, आणि विशेषतः स्त्रियांचे व लांबून येणाऱ्यांचे. प्रारंभीं वरिष्ठांचा अंदाज होता कीं, काम सरासरी अडीच टक्क्यांहून अधिक घटेल. सहा महिन्यांनीं, माणसें नजरेआड ठेवून पाहिल्यानंतर, त्याच वरिष्ठांना तें एक टक्क्यानें वाढतें असें वाटूं लागलें. मग कंपनीनें जन्मतारीख न विचारतां ती सवलत सर्वांस लागू केली.