सायकलवरून भारत जोडायला निघालेली 116 पोरं

घोडेगावातून बोलतोय. आजचा एपिसोड सायकलचा आहे, पण गिअर आणि हेल्मेटचा नाही, इतिहासाचा.

'भारत जोडो' म्हटलं की तुमच्यापैकी बहुतेकांना 2022 आठवणार. कन्याकुमारी ते काश्मीर, पायी, रोजच्या बातम्या, रील्स. मी सांगतोय ती गोष्ट त्याच्या जवळजवळ 37 वर्षं आधीची. नाव तेच, रस्ताही तोच, कन्याकुमारी ते काश्मीर. फक्त ही यात्रा सायकलवरची होती, आणि ती काढणारा माणूस आपल्या वरोऱ्याचा. बाबा आमटे.

बाबांना आपण आनंदवनामुळे ओळखतो. कुष्ठरोग्यांसाठी 1949 मध्ये उभं केलेलं गाव. पण डिसेंबर 1985 मध्ये हा 71 वर्षांचा म्हातारा देशभरातली सुमारे 116 तरुण मंडळी घेऊन कन्याकुमारीहून निघाला. सगळे पस्तिशीच्या आतले, त्यात 16 मुली. अंतर 5,000 किलोमीटरच्या वर. बाबा स्वतः सायकलवर नव्हते बरं का. त्यांच्या पाठीच्या मणक्याचा आजार इतका होता की धड बसताच येत नसे. एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. तेव्हा ते गाडीत झोपून सोबत. पॅडल मारायचं काम पोरांचं.

आता तेव्हाचा देश कसा होता ते बघा, म्हणजे यात धोका काय होता ते कळेल. 31 ऑक्टोबर 1984 ला इंदिरा गांधींची हत्या झाली. पुढचे काही दिवस दिल्लीत शिखांना घरातून ओढून मारलं गेलं. पंजाब पेटलेला. जुलै 1985 मध्ये राजीव गांधी आणि संत लोंगोवाल यांचा करार झाला, जरा बरं वाटलं, आणि महिना पुरा व्हायच्या आत, 20 ऑगस्टला, लोंगोवालांना गोळ्या घातल्या. उत्तर भारतात नुसती पगडी बघून माणसं एकमेकांकडे संशयानं बघायची, असे ते दिवस. त्या काळात घरच्यांनी पोरीला सायकलवर उत्तरेकडे पाठवायचं, विचार करा!

यामागे एक जुना मराठी धागा आहे. डिसेंबर म्हणजे साने गुरुजींचा महिना, 24 तारखेला त्यांची जयंती. 'श्यामची आई' सगळ्यांना माहीत आहे, पण गुरुजींच्या शेवटच्या वर्षांतलं मोठं स्वप्न होतं आंतरभारती. म्हणजे एका प्रांतातल्या माणसानं दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथलं साहित्य वाचावं, तिथे जाऊन राहावं. 1950 मध्ये गुरुजी गेले. माझ्या मते बाबांची सायकल यात्रा म्हणजे त्याच आंतरभारतीला लावलेली चाकं.

मग सायकलच का? बस केली असती तर दोन-तीन बसमध्ये सगळे मावले असते. पण बसमधल्या माणसाला गावाची गरजच पडत नाही. सायकलवाल्याला पडते. पंक्चर झालं, पाणी संपलं, वाट चुकली, की कुणाच्या तरी दारात उभं राहावंच लागतं. आणि तमिळनाडूतल्या गावात ना मराठी चालते ना फारशी हिंदी. हातवारे करायचे, हसायचं, एखादा शब्द उचलायचा. शिवाय सायकल म्हणजे त्या काळी दूधवाल्याचं, पोस्टमनचं, मास्तरांचं वाहन. त्यावरून येणाऱ्याला कुणी साहेब समजत नाही.

याच्याही आधी मुंबईच्या पारशी तरुणांनी हे करून दाखवलं होतं. 15 ऑक्टोबर 1923 ला सहा जण मुंबईहून जगाची फेरी मारायला निघाले. पुरी केली तिघांनी: आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. परतले 18 मार्च 1928 ला. 44,000 मैल, म्हणजे 70,000 किलोमीटरच्या वर. त्यांनी 1931 मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं, त्याला प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची. मी सहज भागाकार केला. दिवसाला सरासरी 44 किलोमीटर पडतात. म्हणजे पुण्याहून निघून फार तर राजगुरुनगर! वाळवंटं, डोंगर, आगबोटीचा प्रवास धरूनही हा वेग निवांतच म्हणायचा. उलट, आपल्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं 2018 मध्ये 29,000 किलोमीटर 159 दिवसांत कापले. तिला सलामच. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, तरी पोरगी थांबली नाही. पण घड्याळाशी शर्यत असली की चहाला बसायला वेळ कुठून काढणार?

हे मला सुचतं ते आमच्या रस्त्यामुळे. मंचरहून भीमाशंकरला जाताना घोडेगाव लागतं. शनिवार-रविवारी सकाळी सायकलवाल्यांचे ग्रुप जातात. भारी सायकली, भारी कपडे. पुढे डिंभे धरणाच्या पाण्याजवळ फोटो, मग भीमाशंकर, मग परत. आता गंमत बघा. आमचा तालुका आंबेगाव, पण तहसील कचेरी घोडेगावात. मग आंबेगाव गाव कुठाय? ज्या पाण्याजवळ फोटो काढला, त्याच पाण्याखाली. धरणात मूळ आंबेगाव बुडालं. घोडेगावच्या कुठल्याही हॉटेलात एक चहा घ्या आणि एखाद्या आजोबांना 'बाबा, आंबेगाव कुठंय हो?' एवढं विचारा. अर्धा तास सोडणार नाहीत.

त्याच धरणाच्या पुढे डोंगरात माळीण. 30 जुलै 2014 ला पहाटे कडा कोसळला, दीडशेच्या वर माणसं गेली. गाव दिसत नाही हे बाहेरच्या जगाला कळवलं ते एसटीच्या ड्रायव्हरनं. रोज तिथं थांबणारा माणूस होता तो. म्हणून त्याला कळलं की इथं गाव असायला हवं.

बाबांच्या यात्रेनं पंजाब शांत झाला का? नाही. तिथला रक्तपात पुढे कित्येक वर्षं चालूच राहिला. बाबांनी 1988 मध्ये दुसरी यात्रा काढली, इटानगर ते ओखा, म्हणजे अरुणाचलपासून थेट गुजरातच्या टोकापर्यंत. त्यानंही दंगली थांबल्या नाहीत, 1992 सगळ्यांना माहीत आहे. यात्रेचं यश असं मोजायचं असेल तर हिशोब तोट्याचाच निघतो. मला त्यापेक्षा त्या 116 जणांत जास्त रस आहे. चोवीस-पंचविसाव्या वर्षी अख्खा देश दारोदार बघितलेला माणूस पुढं आपल्या गावात कसा वागला असेल, मतदान करताना, भांडण सोडवताना, दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याशी बोलताना?

ही मंडळी आज साठीच्या, सत्तरीच्या आसपास आहेत. तुमच्या ओळखीत, नात्यात, शाळेतल्या जुन्या सरांमध्ये कुणी त्या यात्रेला गेलेलं असेल तर त्यांच्याजवळ जाऊन बसा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि पहिल्या मुक्कामापासून विचारायला लागा. त्यांची परवानगी असेल तर व्हॉइस नोट आम्हाला पाठवा, पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये लावू. चला, भेटू.