सर्व्हर डाऊन आणि न परतवलेले गंज

परवा एका सरकारी खिडकीवर दाखल्यासाठी दीड तास उभा होतो. मागच्या बाईंची दिवसाची मजुरी बुडाली. आतून एकच उत्तर: "सर्व्हर डाऊन आहे, भाऊ." काउंटरवरचा कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला. उपयोग शून्य.

मला लंडनची गोष्ट आठवली. तिथल्या ॲम्ब्युलन्स सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ ला नवी संगणक यंत्रणा पूर्ण सुरू केली आणि पहिल्याच दिवसापासून गोंधळ उडाला. ४ नोव्हेंबरला पहाटे दोननंतर ती मंदावली, मग ठप्पच. कर्मचाऱ्यांनी आपापले कॉम्प्युटर बंद-चालू केले, पण दुखणं सर्व्हरमध्ये होतं. गाडी पाठवायची माहिती तयार झाली की प्रोग्राम थोडी मेमरी घ्यायचा आणि परत करायचाच नाही. तीन आठवड्यांत सगळी संपली. दुसऱ्या सर्व्हरवर जायची सोय होती, ती नीट तपासलेलीच नव्हती! शेवटी कागद आणि फोन.

आपल्याकडे लग्नाला बिछायतवाल्याकडून गंज, सतरंज्या आणतो. कार्य नीट पार पडलं की परत जातात. पण मांडवात भांडण होऊन वरात माघारी गेली, तर गंज कोणाच्या लक्षात राहणार? प्रोग्राममध्येही तसंच. मध्येच चूक आली की तो बाहेर पडतो, 'परत कर' ही ओळ खालीच राहते.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवलेल्या सी भाषेत हा हिशेब पूर्ण प्रोग्रामरच्या माथी. म्हणून लिनक्सच्या कर्नलमध्ये चूक आली की बऱ्याच ठिकाणी 'गोटू'ने थेट आवराआवरीच्या ओळींवर उडी मारतात, आणि घेतलं त्याच्या उलट क्रमाने परत करतात. स्ट्रूस्ट्रप यांच्या सी प्लस प्लसने परतफेड वस्तूच्याच अंगी बांधली. अर्ध्यातून बाहेर पडलं तरी ती होते. जावा स्वतःची मेमरी झाडून काढते, पण तिच्या खालच्या सी कोडने परस्पर घेतलेली तिच्या वहीतच नसते. उघडलेल्या फायली आपोआप बंद करायची सोय जावात आली २०११ मध्ये. लंडननंतर एकोणीस वर्षांनी, बघा.

लंडनचा चौकशी अहवाल फेब्रुवारी १९९३ मध्ये लोकांसमोर आला. आपल्या खिडकीवर सर्व्हर किती वेळा, कशाने बंद पडला, याची नोंदवही मागितली तर साहेब हसले. आता लेखी अर्ज दिला आहे.