कॉन्सेटची तांबडी धूळ

इंग्लंडच्या ईशान्येस डरहॅम परगण्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ९०० फूट उंचीवर, कॉन्सेट नांवाचें एक गांव आहे. तेथें वाढलेल्या वृद्धांस त्यांच्या पूर्वायुष्याविषयीं विचारलें तर बहुधा पहिला उल्लेख येतो तो तांबड्या धुळीचा. खिडकीच्या चौकटीवर धूळ, वाळत घातलेल्या चादरींवर धूळ, छपरांवर धूळ. परगांवचा पाहुणा ती पाहून चकित होई. घरच्यांना तींत वावगें कांहींच वाटत नसे. धूळ उडते आहे तोंवर कारखाना चालू आहे, आणि कारखाना चालू आहे तोंवर आठवड्याचा पगार घरीं येणार, हा हिशेब लहान पोरासहि कळत होता.

ही धूळ म्हणजे एक प्रकारें लोखंडाचा गंजच. १९६० नंतरच्या काळांत येथें पोलाद करण्याची नवी रीत आली. वितळलेल्या लोखंडांत शुद्ध प्राणवायु जोरानें सोडला म्हणजे त्यांतील जादा कर्ब जळून जातो. पण त्याबरोबर लोखंडाचाहि थोडा अंश जळतो व तांबड्या धुराच्या रूपानें आकाशांत जातो. तोच खालीं उतरून गांवावर बसे.

लोखंडाशीं या भागाचा संबंध मात्र फार जुना. सतराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींतील झोलिंगेन शहराहून तरवारी घडविणारीं कांहीं कुटुंबें कॉन्सेटच्या पायथ्याशीं असलेल्या शॉट्ली ब्रिज या खेड्यांत येऊन राहिलीं. डरवेंट नदीचें वेगवान पाणी त्यांचे धार लावण्याचे दगड फिरवी. एका घराच्या दारावर त्यांनीं १६९१ हें साल घालून जर्मन भाषेंत लेख कोरला. उद्योगी माणसास ईश्वराचा आशीर्वाद संपन्न करतो, अशा अर्थाचा. या कुटुंबांपैकीं जे ओलिग होते ते कालांतरानें ओली झाले. शेजाऱ्यांच्या जिभेस जसें वळलें तसें नांव पडलें. आणि तरवारीचा धंदा बुडाल्यावरहि तें टिकलें.

खरें गांव मात्र वसलें तें पुढें. १८४० सालीं डरवेंट आयर्न कंपनीची स्थापना झाली. १८४१ च्या खानेसुमारींत कॉन्सेटमध्यें अवघीं १४५ माणसें मोजलीं गेलीं. डोंगराच्या पोटांत लोहदगड होता, त्याला लागूनच कोळसा होता, आणि भट्टीस लागणारा चुनखडक स्टॅनहोपच्या खाणींतून १८३४ पासून चालू असलेल्या रेल्वेनें आणतां येत होता. उणीव होती ती माणसांची. तीं भोंवतालच्या परगण्यांतून, वेल्समधून, स्कॉटलंडमधून आलीं. आणि १८४५ सालीं बटाट्याचें पीक कुजून आयर्लंडांत दुष्काळ पडल्यावर आयरिश लोक मोठ्या संख्येनें आले. त्यांचें स्वागत गोडीनें झालें असें नाहीं. १८४७ सालीं आयरिश व इंग्रज कामगारांत उघड मारामारी झाली. पुढें त्यांचींच नातवंडें एकमेकांशीं लग्नें करून एका रांगेतील घरांत राहूं लागलीं, हा भाग वेगळा.

आज या कुटुंबांतील कोणी आपली वंशावळ शोधावयास बसला तर त्याला एक विलक्षण गोष्ट आढळून येते. १८४१ च्या खानेसुमारीनें जन्मस्थळाविषयीं फारच थोडें विचारलें: जन्म याच परगण्यांतला कीं नाहीं, आणि नसल्यास स्कॉटलंड, आयर्लंड कीं परदेश. १८५१ पासून गांवाचेंहि नांव लिहूं लागले. तरी आयरिश माणसापुढें बहुधा ‘आयर्लंड’ एवढाच एक शब्द असे. त्यापलीकडे जाऊं पाहावें तर डब्लिनमध्यें वाट खुंटते. १८२१ ते १८५१ पर्यंतच्या आयरिश खानेसुमारींचीं बहुतेक पत्रकें १९२२ सालीं, यादवी युद्धाच्या धामधुमींत, तेथील सरकारी दप्तरखान्याबरोबर जळून गेलीं. त्यामुळें कितीतरी कुटुंबांच्या लिखित इतिहासाचें पहिलें पान कॉन्सेटचेंच असतें: एक नांव, एक वय, आणि धंद्याच्या रकान्यांत ‘मजूर’ किंवा ‘पडलर’.

पडलर म्हणजे भट्टीच्या तोंडाशीं उभा राहून वितळलेलें लोखंड लांब सळईनें घोटणारा कारागीर. लोखंडांतील कर्ब जळत जाई तसतसा रस घट्ट होई, आणि त्याचे धगधगते गोळे करून ते बाहेर ओढावे लागत. केव्हां थांबावयाचें हें सांगणारें यंत्र नव्हतें. रसाचा रंग आणि सळईस होणारा विरोध, एवढ्यावरून त्यास तें ओळखावें लागे. ही विद्या पुस्तकांत मिळत नसे. ती बापाजवळ मिळे. १८८० नंतरच्या दशकांत पोलादाच्या भट्ट्या आल्या व पडलरचा काळ सरत गेला. त्याचा मुलगा मात्र त्याच फाटकांतून आंत जात राहिला.

मध्यंतरीं कंपनीवर संकटें आलीं. १८५७ सालीं तिला भरमसाट कर्ज देणारी डरहॅमकडील मोठी पेढी बुडाली. १८६४ सालीं कॉन्सेट आयर्न कंपनी या नव्या नांवानें कारभार सुरू झाला. तिनें जहाजबांधणीच्या पत्र्यांत मोठें नांव कमावलें. पण तोंवर डोंगरांतला लोहदगड अपुरा पडूं लागला होता. प्रथम क्लीव्हलंडचा दगड आला. मग १८७३ सालीं स्पेनमधील बिल्बाओजवळच्या खाणींसाठीं कॉन्सेटनें इतर कारखानदारांबरोबर भागीदारी केली. समुद्रापार आलेली माती टाईन नदीच्या धक्क्यावरून चढ चढत गाडीनें वर न्यावी लागे. ज्या कारणास्तव कारखाना डोंगरावर काढला तें कारण अशा रीतीनें एकेक करून नाहींसें झालें. शेवटीं एकच उरलें: तो चालविणारीं माणसें तेथें राहत होतीं. हिशेबनिसाच्या वहींत या कारणाला रकाना नसतो.

१९६७ सालीं कारखाना सरकारी पोलाद महामंडळाकडे गेला. १९८० च्या आरंभीं देशभर पोलाद-कामगारांचा तेरा आठवड्यांचा संप झाला आणि त्याच वर्षीं कॉन्सेट बंद करण्याचा निर्णय झाला. आपला कारखाना नफ्यांत येत आहे, असें कामगारांचें म्हणणें होतें. तें सांगण्यास ते लंडनपर्यंत गेले. उपयोग झाला नाहीं. १२ सप्टेंबर १९८० रोजीं काम कायमचें थांबलें आणि सुमारें ३७०० लोकांची नोकरी गेली. बाप आणि मुलगा एकाच दिवशीं घरीं बसले, अशीं घरें त्यांत पुष्कळ होतीं. त्या हिवाळ्यांत दोरीवरच्या चादरी पांढऱ्या राहूं लागल्या.

नंतर १९८२ सालीं खाण्याच्या चटपटीत पदार्थांची एक कंपनी गांवांत निघाली व तिचा माल देशभर खपला. इतरहि लहानमोठे धंदे आले. पण एकाच छपराखालीं हजारों माणसें कामास घेणारा त्यांत कोणीच नव्हता. तरुण मुलें कामासाठीं न्यूकॅसलच्या वाटेस लागलीं. भट्ट्या व धुराडीं पाडून टाकण्यांत आलीं, मळीचे डोंगर सपाट करून त्यांवर गवत पेरलें गेलें. १९९६ सालीं त्या मोकळ्या जागीं टोनी क्रॅग या शिल्पकारानें पोलादाचीं दोन प्रचंड मोजणीयंत्रें उभीं केलीं. वंशावळींतलें पहिलें पान हातीं घेऊन दूरदेशाहून येणाऱ्या एखाद्या पणतूस पणजोबाचें कामाचें ठिकाण पाहावयाचें असतें. त्याला हें गवत आणि हीं यंत्रें दाखवितात.

जुन्या रेल्वेमार्गावरून आतां सायकलींचा रस्ता जातो. त्यावर लिजेट्स जंक्शनपाशीं, वितळलेलें लोखंड वाहून नेणारी कारखान्याची एक अवजड गाडी ठेवलेली आहे. सायकलस्वार तिच्यापाशीं थांबून पाणी पितात. तिच्या अंगावर अजून तांबडा गंज आहे.