१५१ बैलगाड्या आणि ‘नॅशनल क्रश’

स्मृती मानधनाचा २०१७चा वर्ल्ड कप मी एकदा एक्सेलमध्ये मांडला. इंग्लंडविरुद्ध ९०, वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६. पुढच्या सात डावांत मिळून ३६. लॉर्ड्सवरच्या फायनलमध्ये शून्य. आणि सांगलीच्या या पोरीच्या लोकप्रियतेची रेघ मात्र त्याच महिन्यात सरळ वर गेली.

धावा आटत असताना फॉलोअर्स कसे वाढतात? सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा जवळजवळ फुकट झाला. पुढच्याच वर्षी आयसीसीने महिला वर्ल्ड कपचे सगळे ३१ सामने पहिल्यांदाच थेट दाखवले. १० टीव्हीवर, २१ इंटरनेटवर. पहिले दोन डाव गाजले तेव्हा लोकांच्या हातात फोन होता, फोनमध्ये नेट होतं आणि नेटवर मॅच होती. भारत २००५मध्येही फायनलला गेला होता. तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

फक्त, फोनने काय उचललं? चेहरा. ‘नॅशनल क्रश’ हा शब्द मला तेव्हाही खटकला होता. २०१३मध्ये वडोदऱ्यात, १९ वर्षांखालच्या सामन्यात, तिने गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ काढल्या होत्या. त्याची रील कुणाच्या फीडमध्ये आली? (विराटच्या कव्हर ड्राइव्हवर तासभर बोलणारे तिच्या ड्राइव्हबद्दल ‘ग्रेसफुल’ म्हणून थांबतात, हेही त्यातलंच.)

ती लॉर्ड्सची फायनल २३ जुलै २०१७ची. बरोबर ६५ वर्षं आधी, २३ जुलै १९५२ला, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. भारतात टीव्ही यायला अजून सात वर्षं होती. ते परतले तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मला हा आकडा फार आवडतो. गाडी जुंपायची, बैल हाकत न्यायचे, दिवसाचं काम सोडायचं. लाइक इतकं महाग होतं.

पण मिरवणूक तालुक्याबाहेर पोचत नाही. खाशाबा १९५५मध्ये पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले, १९८४मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पुढचं वैयक्तिक पदक १९९६मध्ये लिअँडर पेसने आणलं, तोवर देशाला त्यांचं नावही नीट आठवत नव्हतं. १५ जानेवारी २०२३ला गूगलने त्यांचं डूडल केलं, तेव्हा माझ्या ऑफिसातल्या दोघांनी विचारलं, ‘हे कोण?’

स्मृतीचं तसं होणार नाही. २०२३च्या डब्ल्यूपीएल लिलावात ३ कोटी ४० लाख, सर्वाधिक बोली. २०२५च्या वर्ल्ड कपमध्ये ४३४ धावा आणि नवी मुंबईत ट्रॉफी. तिला फोनने उशिरा का होईना, पण बॅटसकट पाहिलं.

साताऱ्याच्या अदिती स्वामीचं काय, हे मला अजून कळलेलं नाही. ऑगस्ट २०२३, बर्लिन. वय १७. तिरंदाजीच्या कंपाउंड प्रकारात जागतिक विजेतेपद, फायनलमध्ये १५०पैकी १४९. माझ्या फीडवर ती दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी आशिया कपच्या संघात कोण, यावर भांडणं सुरू झाली.