'नाइस' : एका गुळगुळीत शब्दाचा इतिहास

'नाइस' हा शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला आहे, की त्याला काही पूर्वायुष्य असेल असे सहसा मनात येत नाही. मूळ लॅटिन 'नेस्कियस', म्हणजे न जाणणारा, अज्ञ. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तो 'मूर्ख' या अर्थाने. चॉसरच्या लेखनात तो तसाच भेटतो. पुढे नखरेल, चोखंदळ, काटेकोर, सूक्ष्म अशी वळणे त्याने घेतली. 'छान' हा अर्थ अठराव्या शतकातला.

जेन ऑस्टिनच्या निधनानंतर, १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'नॉर्दँगर अ‍ॅबी'त या स्थित्यंतराची मौज आहे. कॅथरीन एका कादंबरीला 'नाइस' म्हणते आणि हेन्री टिल्नी तिला छेडतो : नीटनेटकी म्हणायचे असेल, तर ते बांधणीवर अवलंबून! आमच्या मते ऑस्टिन येथे हेन्रीच्या शब्दशुद्धीलाही चिमटा काढते. भाषा तर कॅथरीनच्याच वाटेने गेली.

पण जुने अर्थ संपलेले नाहीत. 'नाइस डिस्टिंक्शन'चे भाषांतर उत्तरपत्रिकांत 'छान भेद' असे होते. हवा असतो 'सूक्ष्म भेद'. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ'मध्ये तर प्रसंगच उलटतो. लग्नाआधी चुंबनाची रीत नाही असे राजकन्या सांगते, तेव्हा थोर राजांपुढे 'नाइस' चाली नमतात, असे हेन्री म्हणतो. तेथे 'चांगल्या चाली' असे वाचले, की राजा त्या चालींचा गौरव करतो आहे असे वाटते. तो त्यांना सोवळेपणा ठरवून बाजूला सारतो आहे.