सॉलिड स्टेट अ‍ॅम्प्लिफायर आणि हाय-फाय स्पीकर यांची जुळणी

सॉलिड स्टेट अ‍ॅम्प्लिफायर आणि हाय-फाय स्पीकर यांची जुळणी म्हणजे स्पीकरचा संरोध, त्याची संवेदनक्षमता व श्रवणाची खोली विचारात घेऊन योग्य शक्तीचा ट्रान्झिस्टरयुक्त अ‍ॅम्प्लिफायर निवडणे. शास्त्रीय परिभाषेत अ‍ॅम्प्लिफायरला 'विवर्धक' ही संज्ञा आहे. परंतु ती दुकानात वा घरात कोणाच्याही तोंडी नसल्याने या लेखात रूढ शब्द योजला आहे. उदाहरणे ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील सदनिकांना लागू पडतील अशी घेतली आहेत.

पार्श्वभूमी

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लागला आणि १९६० च्या दशकात घरगुती संगीतयंत्रांतून निर्वात नलिका मागे पडू लागल्या. नलिकांच्या अ‍ॅम्प्लिफायरला शेवटी एक रोहित्र असे व त्याला ४, ८ व १६ ओहमच्या स्वतंत्र जोडण्या असत. 'स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचे ओहम समान हवेत' हा समज त्या काळापासून चालत आलेला आहे. सॉलिड स्टेट यंत्रात सहसा असे रोहित्र नसते आणि त्याचा स्वतःचा निर्गम संरोध ओहमच्या काही शतांशांइतकाच असतो. त्यामुळे येथे समानतेचा प्रश्न उद्भवत नाही. स्पीकर मागेल तेवढा विद्युत्‌प्रवाह यंत्र न तापता देऊ शकते का, एवढेच पाहावयाचे असते.

या परिसरातील हौशी मंडळी सुटे भाग व जुनी यंत्रे पाहण्यासाठी अनेक वर्षे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाची, वाट धरीत आली आहेत. २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर किंवा टीडीए २०३० ही चकती वापरून घरीच जोडलेले अ‍ॅम्प्लिफायर पुष्कळ घरांत वाजले आहेत. त्यांतले काही चांगले वाजत, ही गोष्ट नमूद करणे न्याय्य ठरेल.

संरोध

स्पीकरच्या पाठीवर छापलेला '८ ओहम' हा आकडा नाममात्र असतो. प्रत्यक्षात संरोध स्वराच्या कंप्रतेनुसार बदलतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो नाममात्र मूल्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरसाठी ६.४ ओहमच्या खाली नाही. परंतु सर्वच उत्पादक हे बंधन पाळतात असे नाही. मल्टिमीटरने मोजल्यास ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ७ आणि ४ ओहमचा ३ ते ३.५ ओहम दाखवितो. नामपट्टी निघून गेलेल्या जुन्या पेटीची ओळख यावरून पटते.

दिवाणखान्यात एक व आतल्या खोलीत एक अशा ८ ओहमच्या दोन जोड्या समांतर जोडल्यास भार ४ ओहम होतो. ४ ओहमच्या दोन जोड्यांचा २. बहुतेक घरगुती यंत्रे हा शेवटचा भार पेलू शकत नाहीत.

शक्ती किती हवी

स्पीकरची संवेदनक्षमता २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटर अंतरावर मिळणाऱ्या डेसिबलमध्ये सांगतात. ८ ओहमच्या स्पीकरला ही शक्ती १ वॅट, तर ४ ओहमच्या स्पीकरला २ वॅट होते. म्हणून दोघांचे आकडे सरळ ताडून पाहू नयेत. शक्ती दुप्पट केली की केवळ ३ डेसिबल वाढतात, दसपट केली की १०.

८ ओहमचा, ८७ डेसिबलचा स्पीकर आणि श्रोता अडीच मीटरवर असे धरू. अंतरामुळे सुमारे ८ डेसिबल घटतात, दोन स्पीकरमुळे ३ मिळतात. म्हणजे प्रत्येकी १ वॅटला ८२. ख्यालगायन ७५ डेसिबलने ऐकताना तबल्याची थाप क्षणभर ९५ पर्यंत जाऊ शकते. उरलेल्या १३ डेसिबलसाठी प्रत्येकी २० वॅट लागतात. भिंतींच्या परावर्तनाने ही गरज आणखी कमी होते. ८४ डेसिबलच्या स्पीकरला मात्र हेच ४० वॅट होतील. डोंबिवलीतील दीडशे चौरस फुटांच्या खोलीत १०० वॅटचा आग्रह हा बहुधा मनाच्या समाधानाचा भाग असतो. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे, आणि शेजाऱ्याची भिंत सामाईक असते.

'पीएमपीओ' या नावाखाली छापलेले हजारो वॅट विचारात घेऊ नयेत. ८ ओहमवर सतत मिळणारी शक्ती, तीही दोन्ही वाहिन्या एकाच वेळी चालू असताना, तेवढी ग्राह्य धरावी.

अपुऱ्या शक्तीचा धोका

मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरने स्पीकर जळतो, हा समज अर्धाच खरा आहे. लहान यंत्र त्याच्या क्षमतेपलीकडे ताणले की ध्वनितरंगांची शिखरे छाटली जातात, त्यातून उच्च कंप्रतेचे अनाहूत स्वर निर्माण होतात आणि नाजूक ट्वीटर तापून निकामी होतो. तार सप्तकात आवाज चिरका, खरखरीत वाटू लागल्यास तत्काळ आवाज उतरवावा.

जुनी यंत्रे

जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेली यंत्रे १०० व्होल्टवर व अमेरिकेतील १२० व्होल्टवर चालतात. आपल्याकडील २३० व्होल्टला ती थेट जोडल्यास पहिल्याच क्षणी जळतात. त्यांना व्होल्टेज उतरविणारे रोहित्र हवे. पाठीवरील पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

यंत्र चालू करून, स्पीकर न जोडता, त्याच्या स्पीकर टोकांवरील एकदिश दाब मोजावा. तो ५० मिलिव्होल्टच्या आत असावा. १०० च्या पुढे गेल्यास दुरुस्तीशिवाय स्पीकर जोडणे धोक्याचे आहे, कारण निर्गमाचा ट्रान्झिस्टर जळाल्यास पूर्ण दाब स्पीकरच्या गुंडाळीवर येतो. खाडीकाठच्या दमट हवेत आवाजाचे बटण व रिले यांचे संपर्क काळवंडतात, आणि स्पीकरच्या कडेचा फोम दहा-पंधरा वर्षांत भुगा होतो. फोम बदलता येतो. गुंडाळी गेली असल्यास खर्च पुष्कळ वाढतो.

भारनियमनाच्या काळात घरोघरी आलेल्या स्वस्त इन्व्हर्टरवर अनेक यंत्रांचे रोहित्र गुणगुणते. हा अ‍ॅम्प्लिफायरचा दोष नसून इन्व्हर्टरच्या चौकोनी तरंगाचा परिणाम आहे.

तारा

दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर पाच मीटरपर्यंत पुरेशी आहे. जाण्या-येण्याचा मिळून तिचा रोध सुमारे ०.१२ ओहम भरतो.